झिजलेला शिलालेख वाचण्यासाठी विजेरी आडवी धरा
आडबाजूच्या भग्न किल्ल्यात दरवाजावरील लेख इतके झिजलेले असतात की भर दुपारी समोर उभे राहूनही अक्षर लागत नाही. अशा वेळी सोबत्याने दगडावर आपली सावली पाडावी आणि आपण मोबाइलची विजेरी दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरून डावीकडून, उजवीकडून, वरून व खालून सावकाश फिरवावी. उथळ खाचांत सावली धरते आणि अक्षरे उठून दिसतात. प्रत्येक दिशेने एक छायाचित्र घ्यावे, कारण आडव्या रेघा वरच्या प्रकाशात, तर उभ्या रेघा बाजूच्या प्रकाशात स्पष्ट होतात. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही हेच काम करते, शिवाय गवताखाली बुजलेल्या जोत्यांचे उंचवटे त्याच वेळी नजरेत भरतात. अक्षरांवर खडू किंवा पीठ मात्र मुळीच घासू नये; त्याने ठिसूळ दगड आणखी झिजतो.