ग्रीक आणि रोमन सुवर्णनाणी: काट्यापासून कागदापर्यंत

सोन्याचं नाणं हातात आलं की आपली पहिली धाव सराफाकडे. तो कसोटीवर रेघ ओढतो, कॅरेट मीटरखाली ठेवतो आणि चोख असल्याचं सांगतो. दागिन्यासाठी एवढं पुरतं, पण दोन हजार वर्षांच्या नाण्याच्या बाबतीत ही सवय महागात पडते. कसोटीवर घासल्याचा ओरखडा कायमचा राहतो आणि किंमत तिथल्या तिथे उतरते. शिवाय चांगली बनावट नाणी चोख सोन्याचीच असतात. खऱ्या ऑरियसला, म्हणजे रोमन सोन्याच्या नाण्याला, त्यातल्या सोन्याच्या कित्येक पट भाव मिळतो. मग बनावट करणारा सोन्यात काटकसर कशाला करेल? सोनं खरं ठरलं म्हणजे एकच शंका फिटली. ठसा कोणाचा, नाणं आलं कुठून आणि ते ठेवून घ्यायचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे का, हे प्रश्न उरतातच. संग्राहकाची खरी मेहनत त्यांच्यावरच होते.

सुरुवात कुठून करावी

पहिलं नाणं ऑरियस किंवा अलेक्झांडरचा स्टेटर (ग्रीक सोन्याचं नाणं) नसावं. उत्तरकालीन रोमन आणि बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याचं सोन्याचं नाणं सॉलिडस किंवा त्याचा तिसरा हिस्सा असलेला ट्रेमिसिस घ्यावा. होनोरियस, दुसरा थिओडोसियस, अनास्तासियस, जस्टिनियन या सम्राटांची सोन्याची नाणी मोठ्या संख्येने उरली आहेत, लिलावात नेहमी येतात आणि तुलनेला भरपूर नमुने मिळतात. नवशिक्याची चूक इथे त्यातल्या त्यात स्वस्तात पडते.

सॉलिडसवर खाली टांकसाळीची अक्षरं असतात. पूर्वेकडे बहुधा ‘कॉनोब’, तर पश्चिमेकडे ‘कोमोब’ आणि बाजूला मिलानसाठी ‘एम-डी’ किंवा रावेनासाठी ‘आर-व्ही’. ‘ओब’ म्हणजे शुद्ध केलेलं सोनं. ग्रीक अंकपद्धतीत हीच दोन अक्षरं ७२ हा आकडाही दाखवतात, आणि एका रोमन पौंडातून ७२ सॉलिडस पाडत. ‘ओब’ची ही पद्धत चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, पहिल्या व्हॅलेंटिनियनच्या काळात आली. म्हणून त्याच्या आधीच्या पहिल्या कॉन्स्टंटाइनच्या नावाच्या सॉलिडसवर ‘कॉनोब’ दिसलं तर पुढे तपासायची गरज नाही, ते नाणं परत करावं.

ग्रीक बाजूला लहान रकमेत शिरायचं असेल तर मिटिलिनी आणि फोकाइया या ग्रीक शहरांतली इलेक्ट्रमची हेक्टे नावाची छोटी नाणी आहेत. इलेक्ट्रम म्हणजे सोन्या-चांदीचं मिश्रण. नाणं जेमतेम २.५ ग्रॅमचं, पण कोरीव काम इतकं नाजूक की भिंग खाली ठेववत नाही. पैशाच्या मानाने एवढं सौंदर्य दुसऱ्या कुठल्या ग्रीक नाण्यात मिळत नाही, असं आमचं मत आहे. त्यानंतर अलेक्झांडरचा बाप फिलिप दुसरा (अपोलो आणि दोन घोड्यांचा रथ) आणि अलेक्झांडर (शिरस्त्राण घातलेली अथेना आणि उभी विजयदेवता नायकी) यांचे स्टेटर. अलेक्झांडरच्या नावाने त्याच्या मृत्यूनंतरही अनेक टांकसाळींत नाणी पाडली गेली. त्यामुळे विक्रेता ‘अलेक्झांडरच्या हयातीतलं’ म्हणत असेल तर टांकसाळ आणि छोट्या चिन्हांवरून ते पडताळून घ्यावं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचं ‘पेला’ हे मोफत संकेतस्थळ याच कामाचं आहे आणि रोमन सम्राटांसाठी ‘ओसीआरई’.

काट्यावरचे आकडे

०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच, ०.००१ ग्रॅमचा मिळाला तर उत्तम. पुढची वजनं लिहून ठेवावीत. फिलिप आणि अलेक्झांडरचा स्टेटर साधारण ८.५ ते ८.६५ ग्रॅम. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४६ मध्ये एका पौंडाला ४० या हिशेबाने ऑरियस पाडला, म्हणजे साधारण ८ ग्रॅमचा. ऑगस्टस आणि टायबेरियसचा ७.७ ते ७.९. नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास तो पौंडाला ४५ वर आणला, म्हणजे सुमारे ७.२ ते ७.३. कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये ५० वर, सुमारे ६.५. डायोक्लेशनच्या काळात ६०, म्हणजे ५.४ च्या आसपास. सॉलिडस ४.३५ ते ४.५० आणि ट्रेमिसिस १.४ ते १.५.

याचा उपयोग असा. व्हेस्पेशियनचा ऑरियस ७.८ ग्रॅम भरला तर तो नीरोच्या आधीच्या मापाचा झाला, आणि व्हेस्पेशियन तर नीरोनंतरचा. वजन कमी भरलं तर आधी झीज, कापलेली कड आणि काढून टाकलेली कडी ही कारणं तपासावीत. वजन जास्त भरलं तर मात्र कारण सहसा एकच असतं: नाणं बनावट. अपवाद तिसऱ्या शतकाच्या मध्याचा. त्या धामधुमीत ऑरियसची वजनं इतकी वरखाली झाली की काट्यावरून काहीच ठरत नाही.

विशिष्ट गुरुत्वाची चाचणी घरी होते आणि नाण्याला इजा करत नाही. लहान ग्लासात डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याच्या फासात पकडून पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काट्यावर दिसेल तो आकडा बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागा. ७.२५ ग्रॅमच्या ऑरियसला ०.३८ आला तर उत्तर १९.१, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोनं. ०.४१ आला तर १७.७, म्हणजे २२ कॅरेटच्या आसपास, आणि त्या काळच्या ऑरियसला ते शोभत नाही. आतून चांदी किंवा तांबं आणि वरून सोन्याचा पत्रा अशी प्राचीन काळातलीच खोटी नाणीही इथे पकडली जातात.

मात्र लहान नाण्यांना ०.०१ चा काटा पुरत नाही. ४.४ ग्रॅमच्या सॉलिडसला आकडा ०.२२ की ०.२४ यावर उत्तर २० वरून १८.३ वर घसरतं. ट्रेमिसिसला तर या चाचणीचा काहीच अर्थ उरत नाही. इलेक्ट्रमलाही ही चाचणी लावू नका; मिश्रणाचं प्रमाण मुळातच टांकसाळीगणिक वेगळं असतं.

भिंगाखाली काय बघायचं

१० पट मोठं दाखवणारं भिंग आणि एकच दिवा. दिवा डोक्यावर नको, बाजूने तिरपा हवा. खाली मऊ कापड पसरा आणि नाणं फक्त कडेला धरा, कारण शुद्ध सोनं मऊ असतं, सहज खरचटतं.

ठशाच्या घावाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो. अक्षरांच्या पायाशी आणि कडेजवळच्या मोकळ्या जागेत त्याच्या बारीक, किरणांसारख्या रेषा राहतात. साच्यात ओतलेल्या नाण्यात त्या नसतात. तिथे पृष्ठभाग साबणासारखा मऊ दिसतो, अक्षरांचे कोपरे गोल होतात, खाचांत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात आणि कडेवर दोन अर्ध्या साच्यांचा जोड किंवा तो लपवायला फिरवलेल्या कानशीच्या रेघा सापडतात.

नव्याने कोरलेल्या ठशांनी पाडलेली नाणी याहून अवघड. त्यांत सरकलेल्या धातूच्या रेषाही असतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन कोरीवकाराने ग्रीक आणि रोमन नाण्यांचे शेकडो ठसे स्वतः कोरले. त्याची नाणी आजही संग्रहांत निघतात. अशा वेळी एकच उपाय, तुलना. जुन्या लिलावांच्या छायाचित्रांच्या संग्रहांत तोच प्रकार शोधा आणि किमान २० ते ३० नमुने शेजारी मांडा. डोळ्याचा कोन, केसांची बट, अक्षरांमधलं अंतर बघा. दोन खरी नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण त्यांची चकती, ठसा मध्यापासून सरकल्याची दिशा आणि झीज सारखी नसते. तोच ओरखडा, तोच ठेचकाळलेला कोपरा दोन नाण्यांवर दिसला तर निदान एक तरी बनावट, आणि बऱ्याचदा दोन्ही.

दागिन्यातून निघालेली नाणी

आपल्याकडे पुतळीहाराला कडी लावतात, तशीच युरोपातही जुन्या नाण्यांना कडी, चौकट, टाचणी लावायची हौस होती. कडी काढली तरी डाग दिल्याची जागा राहते. बहुधा डोक्याच्या बरोबर वर, कडेवर, रंग किंचित वेगळा आणि कानशीच्या आडव्या रेघा. भोक बुजवलेलं असेल तर त्याच जागी मागच्या बाजूची अक्षरं नव्याने कोरलेली आणि खरखरीत दिसतात. अशा नाण्याची किंमत निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. विक्रेत्याने ते सांगून तसा भाव लावला असेल तर घ्यायला हरकत नाही. न सांगता पूर्ण भाव मागितला तर मात्र त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नये.

भारतात सापडलेल्या रोमन सोन्याचं प्रकरण वेगळं आहे आणि ते शिकून घेण्यासारखं आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलं आहे की बॅरिगाझा, म्हणजे भडोच बंदरात सोन्या-चांदीचे रोमन दिनार स्थानिक नाण्यांशी बदलून नफा होई. पैठण आणि तेर या बाजारपेठांची नावंही त्यात आहेत. आपल्या जुन्या ग्रंथांतला ‘दीनार’ रोमन डेनारियसवरून आला, आणि रोज तोंडी असलेला ‘दाम’ ग्रीक द्राख्मावरून. दक्षिणेत सापडलेल्या ऑरियसवर पुष्कळदा सम्राटाच्या मुखावर छिन्नीचा आडवा घाव असतो. १८९८ मध्ये पुदुकोट्टई इथे मिळालेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेक अशीच आहेत. काही नाण्यांना माळेत ओवायला डोक्याच्या वर दोन भोकं पाडलेली असतात. शिवाय भारतीय कारागिरांनी त्या काळी पाडलेल्या नकला आहेत. त्यांची अक्षरं निरर्थक, पण सोनं चांगलं. हे घाव, ही भोकं आणि या नकला इतिहासाचा भाग आहेत. त्यांना दोष समजून कोणी ‘दुरुस्त’ केलं, तर ते खरं नुकसान.

कागद आणि कायदा

‘खोदकामात सापडलं, घरात आजारपण आहे, स्वस्तात देतो’ हे ऐकलं की तिथून उठावं. ते नाणं बनावट असण्याची शक्यताच जास्त. खरं निघालं तर प्रकरण अधिक बिकट. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनं कोणतंही नाणं पुरावशेष ठरतं, मग ते रोममध्ये पाडलेलं का असेना. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे परदेशातून नाणं मागवलं की ते इथेच राहणार. नंतर तपासणीला किंवा विकायला बाहेर पाठवायचा विचार असेल, तर तो मागवण्याआधीच संपवा. प्रमाणपत्र हवं असेल तर ते नाणं भारतात येण्यापूर्वी, विक्रेत्याच्या देशातच करून घ्या. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी सुट्टीत येताना नाणी ‘घरच्यांना दाखवायला’ बरोबर आणू नयेत. परत नेताना विमानतळावर अडचण येऊ शकते.

सीमाशुल्काचे दर आणि वर्गीकरण बदलत राहतात, म्हणून बोली लावण्याआधीच कस्टम्स एजंटशी बोला. बिलावर प्रकार, काळ, वजन आणि खरी किंमत असू द्या. किंमत कमी दाखवून पाठवतो असं विक्रेता म्हणाला तर नकार द्या, कारण जप्ती तुमच्या मालाची होते. लिलावात बोलीवर साधारण २० टक्के किंवा थोडं अधिक कमिशन चढतं. मग टपाल, विमा, कर. मनातल्या कमाल रकमेतून हे सगळं वजा करून उरेल तेवढीच बोली.

नाण्याची पूर्वपीठिका, म्हणजे ते आधी कोणाकडे होतं याचा माग, हा आता किमतीचाच भाग आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को करारापूर्वीच्या लिलावात छापलेलं छायाचित्र असेल तर सर्वांत चांगलं. पण विक्रेत्याच्या शब्दावर न जाता त्या जुन्या कॅटलॉगचं पान स्वतः मागवून चित्र जुळवा. सीझरच्या वधाची आठवण म्हणून ब्रुटसने पाडलेला ‘ईद मार’ ऑरियस २०२० मध्ये लंडनच्या लिलावात कमिशनसह ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. त्याची पूर्वपीठिका बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२३ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो ग्रीसला परत केला. नाणं अस्सल मानलं गेलं होतं, कागद खोटे होते.

एनजीसी या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या सीलबंद डबीबद्दलही नीट समजून घ्या. त्यात दर्जा असतो, ठसा आणि पृष्ठभाग यांना ५ पैकी गुण असतात, पण प्राचीन नाण्यांच्या अस्सलपणाची आर्थिक हमी त्यात नसते. ती हमी विक्रेत्याकडून लेखी, मुदतीशिवाय घ्यावी. व्यावसायिक नाणेतज्ज्ञांच्या आयएपीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्य ती देतात.

ठेवण

सोनं गंजत नाही, म्हणून साफ करायचं जवळजवळ काहीच नसतं. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, तेलकटपणा असेल तर शुद्ध अॅसिटोन, तेही खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर. मग कापडावर आपोआप वाळू द्या. ब्रश, रिठा, टूथपेस्ट, सराफाचं तेजाब, अल्ट्रासॉनिक मशीन, काही नको. १८९५ मध्ये पॉम्पेईजवळच्या बोस्कोरियाले इथे सापडलेल्या ऑरियसवरची तांबूस-जांभळी झाक लोक जास्त पैसे मोजून घेतात. एका पॉलिशने ती जाते.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांऐवजी मायलर प्लास्टिकची पाकिटं किंवा कापडाचं अस्तर असलेला ट्रे वापरा. नाणं घरंगळू देऊ नका. बँकेचा लॉकर चालेल, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चोरी किंवा आगीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. वेगळा विमा लागतोच.

प्रत्येक नाण्यासोबत एक कागद ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास, संदर्भ क्रमांक, बिल, आधीच्या लिलावांची पानं आणि तुमच्या पश्चात विकायचं झाल्यास कोणाशी बोलायचं त्याचं नाव. कागदाच्या वर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा: हे मोडीत घालायचं सोनं नाही, वितळवू नये.