इंग्रजी पत्रात ‘डिअर’च्या पुढे काय? या चुका टाळा

यूकेच्या युनिव्हर्सिटीला मेल असो, नोकरीचा अर्ज असो की आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या जनरल ट्रेनिंग प्रकारातलं पत्र, आपली मुलं आतला मजकूर मेहनतीने लिहितात आणि पहिल्याच ओळीत गडबड करतात, फार वाईट वाटतं बघून कारण हे सुधारायला पाच मिनिटं पुरतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ‘डिअर मिस्टर जॉन’. मिस्टर, डॉक्टर, प्रोफेसर हे आडनावाला लागतं, म्हणजे जॉन स्मिथ असेल तर ‘डिअर मिस्टर स्मिथ’. आपल्याकडे सचिन सर, मीना मॅडम म्हणायची सवय असते ना, त्यामुळे पहिलंच नाव लिहिलं जातं. आणि चिनी नावात बहुतेक वेळा आडनाव आधी येतं, तिथे जरा बघून लिहा.

बाईंना लिहिताना ‘मिसेस’ टाकून मोकळं होऊ नका. लग्न झालंय का हा प्रश्न कामाच्या पत्रात येतोच कुठे? ‘मिझ’ लिहा, म्हणजे एम आणि एस. त्यांनी स्वतः सहीत मिसेस किंवा डॉक्टर लिहिलं असेल तर मग तेच. नावावरून बाई की पुरुष कळत नसेल तर सरळ पूर्ण नाव, ‘डिअर अ‍ॅलेक्स स्मिथ’.

‘रिस्पेक्टेड सर’ इथे कॉलेजात, बँकेत चालतं, तिकडे नुसतं ‘डिअर’ लिहा, त्यात सलगी वगैरे काही नाही.

आता शेवट. ब्रिटिश पद्धतीत सुरुवात आणि शेवट यांची जोडी ठरलेली आहे: ‘डिअर सर ऑर मॅडम’ असेल तर ‘युअर्स फेथफुली’, नाव लिहिलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. आयेल्ट्समध्ये सुरुवात कशी करायची ते प्रश्नातच दिलेलं असतं, ते ‘डिअर सर ऑर मॅडम’ असलं की शेवट तिथेच ठरला, तरी घाईत उलटं लिहितात. ‘युअर्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी नाही आणि फेथफुलीचा एफ स्मॉल. अमेरिकेत मात्र साधं ‘सिन्सिअरली’ चालतं, आणि फॉर्मल पत्रात सुरुवातीच्या ‘डिअर अमुक’नंतर कॉमाऐवजी कोलन देतात.

‘टू हूम इट मे कन्सर्न’ सर्टिफिकेटसाठी ठेवा, नोकरीच्या अर्जात नको. वेबसाइटवर नाव शोधा, नाहीच मिळालं तर ‘डिअर हायरिंग मॅनेजर’. मिळालं तर तिथूनच कॉपी-पेस्ट करा, मॅकडोनाल्डच्या ‘मॅक’मध्ये ‘ए’ आहे की नाही हे आठवणीवर सोडू नका.