दाताच्या डॉक्टरची भीती वाटते? मग असं जा

दाढ ठणकली की आधी लवंग, मग मेडिकलमधली गोळी. ठणका थांबतो आणि दवाखाना राहून जातो. मीही हेच करत राहिलो. साधं सिमेंट भरून भागलं असतं, ती दाढ रूट कॅनालपर्यंत गेली.

यातली खरी मेख अशी, की उशिराने दुखणं खरोखरच वाढतं. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि भुलीचं औषध तिथे पुरतं लागू पडत नाही. ‘भूल देऊनही दुखलं’ हा अनुभव पदरी पडला की पुढच्या वेळी पाय आणखी जड होतात. म्हणून पहिलं काम: दुखत नसताना जा. पहिल्या खेपेला फक्त तपासणी आणि एक्स-रे, हे फोनवरच सांगून ठेवा. (गाल सुजून ताप आला असेल तर मात्र त्याच दिवशी गाठा.)

मग भीती नेमकी कशाची, ते डॉक्टरांना सांगा. सुईची? आधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावता येते. ड्रिलच्या आवाजाची? इअरफोन लावू का, विचारा. सुई पाहून चक्कर येते? खुर्ची आडवी करून घ्या आणि हातापायांचे स्नायू आवळून धरा, त्याने रक्तदाब एकदम खाली येत नाही. ‘इतके दिवस काय करत होतात?’ या बोलण्याची धास्ती असेल, तर तीही सांगा.

सगळ्यात महत्त्वाचं, खूण ठरवा: डावा हात वर, की काम थांबणार. मी पहिल्या पाच मिनिटांतच हात वर केला. ड्रिल बंद झालं, चूळ भरली, श्वास घेतला. त्यानंतर तासभर हात मांडीवरच होता. थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलं, की आवळलेला जबडा आपोआप सुटतो.

ओठ जड होईपर्यंत सुरू करू देऊ नका. भुलीच्या औषधात बहुतेकदा ॲड्रेनालिन असतं, त्याने छाती धडधडू शकते. ती थोड्या वेळात शांत होते. धडधड थांबली नाही तर लगेच सांगा.

आणि मुलांना ‘दंगा केलास तर दाताच्या डॉक्टरकडे नेईन’ असं कधीच म्हणू नका. ‘अजिबात दुखणार नाही’ असंही नको. बालदंतवैद्य 1959 पासून ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत वापरतात: दात साफ करायचा फिरता ब्रश आधी पोराच्या नखावर फिरवतात, मगच दातावर.