दोन डोळे, चित्र मात्र एकच: मेंदू हे कसं जमवतो ते घरच्या घरी बघा

आधी एक साधी गोष्ट करा. गॅलरीत नाहीतर खिडकीत उभे राहा, समोरच्या बिल्डिंगवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघा आणि नजर टाकीवरून न हलवता स्वतःचा अंगठा नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. अंगठे दोन दिसतील. आता अंगठ्याकडे बघा, की टाक्या दोन होतील. म्हणजे आपण जिथे बघतोय त्याच्या बऱ्याच अलीकडचं आणि पलीकडचं सगळं दिवसभर डबलच येत असतं, पण मेंदू ते आपल्यापर्यंत पोचू देत नाही आणि आपल्यालाही कोणी सांगेपर्यंत कळत नाही.

मी या विषयात पडले ती भाचीमुळे. आम्ही लालबागला चाळीत राहतो, ती सहा वर्षांची असताना सुट्टीत माझ्याकडे होती आणि दोघी पेनाच्या टोपणाचा खेळ खेळत होतो. खेळ असा: एका हातात पेन आडवं धरायचं, दुसऱ्या हातात टोपण, दोन्ही हात बाजूंनी लांब करायचे आणि पटकन समोर आणून टोपण बसवायचं. दोन्ही डोळ्यांनी बहुतेकांना जमतं, एक डोळा मिटला की टोपण पेनाच्या पुढून नाहीतर मागून निघून जातं. पोरीचं दोन्ही डोळे उघडे असतानाही दर वेळी चुकत होतं, मग मी सहज तिचा उजवा डोळा हाताने झाकला तर म्हणाली मावशी सगळं धूसर झालं. शाळेतल्या तपासणीत ती पास झाली होती, कारण तक्ता दोन्ही डोळ्यांनी वाचून घेतला होता!! याचा मला अजून राग येतो.

टोपण का चुकतं ते सांगते. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे दोन्हीकडची चित्रं थोडी वेगळी येतात आणि त्या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे याचा हिशोब करतो. हे दाखवलं चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये, आरसे लावून दोन डोळ्यांना दोन वेगळी रेखाचित्रं दाखवली आणि सपाट रेघांतून ठसठशीत वस्तू उभी राहिली. थिएटरातला थ्रीडी चष्मा आजही तेच करतो. एक डोळा मिटला तरी जग अगदी सपाट होत नाही म्हणा, लोकलच्या खिडकीतून जवळचे खांब सुसाट पळतात आणि लांबच्या बिल्डिंगा हळू सरकतात त्यावरूनही मेंदूला अंतर कळतं, पण हाताशी असलेल्या बारीक कामाला, सुईत दोरा ओवायला वगैरे, दोन डोळ्यांचा हिशोब लागतोच.

आता ही दोन चित्रं जातात कुठे? डावा डोळा उजव्या मेंदूला आणि उजवा डाव्या मेंदूला असं खूप जण सांगतात, ते अर्धंच बरोबर आहे. दादर स्टेशनचा पूल डोळ्यासमोर आणा. प्रत्येक डोळ्याच्या नसेत साधारण दहा लाख तंतू असतात, त्यातले नाकाच्या बाजूचे तंतू पूल ओलांडून पलीकडच्या लाइनला जातात आणि कानाच्या बाजूचे आपल्याच लाइनला राहतात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग, दोन्ही डोळ्यांतला, मेंदूच्या उजव्या बाजूला पोचतो आणि उजवा अर्धा डाव्या बाजूला. पुढे थॅलॅमस नावाचं ठाणं लागतं, तिथे सहा थर असतात आणि प्रत्येक थर एकाच डोळ्याचा, म्हणजे एकाच स्टेशनवर पण प्लॅटफॉर्म वेगळे. डोक्याच्या अगदी मागच्या भागात पोचल्यावरच दोन डोळ्यांचे सिग्नल एकाच पेशीत नीट एकत्र येतात.

पण एकत्र आले म्हणजे आपल्याला दोन्ही दिसतात का? याच्यासाठी पुढचा प्रयोग, आणि याला घाई करू नका.

पांढऱ्या कागदावर लिंबाएवढे दोन गोल काढा, मध्यापासून मध्यापर्यंत सहा सेंटीमीटर. डाव्या गोलात लाल स्केचपेनने उभ्या जाड रेघा, उजव्यात निळ्याने आडव्या. दोन्ही गोलांच्या मधे पुठ्ठा उभा धरा, वहीचं कव्हर चालेल, वीतभर उंच हवा, आणि पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला नाक टेकवा म्हणजे डाव्या डोळ्याला फक्त डावा गोल आणि उजव्याला फक्त उजवा दिसेल. जवळचा चष्मा असेल तर काढू नका. दोन्हीकडे उजेड सारखा पडू द्या. मग नजर सैल सोडा, कागदाच्या पलीकडे जमिनीत काहीतरी बघतोय अशी, गोल हळूहळू सरकत एकमेकांवर येतील. पहिल्यांदा नाही जमलं तर दोन मिनिटं थांबून परत करा, मला तिसऱ्यांदा जमलं.

चौकटी-चौकटीची जाळी दिसेल असं वाटतं ना, तशी दिसत नाही. आधी लाल उभ्या रेघा दिसतात, दोन-चार सेकंदांनी त्या विरघळतात आणि निळ्या आडव्या वर येतात, मग परत लाल. मधल्या क्षणी गोधडीसारखं होतं, एक तुकडा लाल एक तुकडा निळा आणि त्यांच्या कडा सरकत असतात. मनाशी ठरवून लालच धरून ठेवायचा प्रयत्न करा, थोडा वेळ टिकेल पण कायम नाही टिकणार. घरातल्या कोणाला तरी निळ्या गोलाजवळ पेन्सिलचं टोक हलवायला सांगा, लगेच निळा जिंकतो.

आता विचार करा. कागद बदलला नाही, उजेड बदलला नाही, दोन्ही डोळे आपापलं चित्र पाठवतच आहेत, तरी तुम्हाला जे जाणवतं ते बदलतंय! शास्त्रज्ञ याच्या मागे लागले ते यासाठीच, कारण डोळ्यात येणं आणि जाणवणं या दोन गोष्टी इथे सरळ वेगळ्या काढता येतात. लोगोथेटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना शिकवलं की आत्ता कुठलं चित्र दिसतंय ते दांडी ओढून सांगायचं, आणि त्याच वेळी मेंदूतल्या एकेका पेशीचे सिग्नल मोजले. डोक्याच्या मागच्या भागात, जिथे चित्र पहिल्यांदा पोचतं, तिथल्या बहुतेक पेशी माकडाला काय दिसतंय याची पर्वा न करता चालूच होत्या. पण कानाच्या वरच्या बाजूला, जिथे चेहरे आणि वस्तू ओळखल्या जातात, तिथल्या दहातल्या साधारण नऊ पेशी माकड सांगेल त्याच्याबरोबर चालू-बंद होत होत्या (१९९७). मला हे वाचून रात्री झोप लागली नव्हती, खरं सांगते.

ज्यांना हा प्रयोग करताना एकच गोल दिसत राहतो आणि दुसरा येतच नाही, त्यांनी आधी पुठ्ठा सरळ करून बघा. तरीही लहान मुलाच्या बाबतीत तसंच होत असेल, नाहीतर एकेक डोळा झाकल्यावर फरक जाणवत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्याच. भाचीचं तेच होतं, आळशी डोळा. डावा डोळा दिसायला ठणठणीत, पण लहानपणापासून त्याला जास्त नंबर आणि मेंदूने त्याचं चित्र बाजूला टाकायची सवय लावून घेतलेली. ह्युबेल आणि वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही आठवडे बंद ठेवला, नंतर उघडला तर डोळा चांगला होता पण मेंदूतल्या पेशी त्याला जवळजवळ उत्तरच देत नव्हत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर असं होत नाही. (त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं.) म्हणून वय महत्त्वाचं. उपचार म्हणजे आधी चष्मा आणि मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, पण पट्टी स्वतःच्या मनाने लावू नका, किती तास ते डॉक्टरच ठरवतात, नाहीतर चांगला डोळाही कमजोर होऊ शकतो.

शेवटचा प्रयोग गॅलरीतला. आकाशकंदील टांगायच्या हुकाला दोन हात दोरा बांधा, खाली चावी लटकवा, दोन-तीन मीटर मागे उभे राहा आणि कोणाला तरी ती डावीकडून उजवीकडे झुलवायला सांगा, अगदी सरळ. दोन्ही डोळे उघडे ठेवून गॉगलची एकच काच एका डोळ्यासमोर धरा. चावी सरळ न झुलता लंबगोल फिरताना दिसेल, जवळ येते, लांब जाते. अंधाऱ्या डोळ्याचा सिग्नल थोडा उशिरा पोचतो, काही मिलिसेकंदच, आणि त्या उशिराला मेंदू अंतर समजून बसतो. हे समजावून सांगणारे जर्मन शास्त्रज्ञ पुलफ्रिख (१९२२) एका डोळ्याने आंधळे होते, त्यांना स्वतःला हे कधी दिसलंच नाही.

भाची आता नऊ वर्षांची आहे. डॉक्टर म्हणतात अंतराचं गणित पूर्ण नाही आलंय, पण बरंच आलंय. परवा ती गॉगल घेऊन गॅलरीत उभी होती, काच या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेत होती आणि दर वेळी ओरडून सांगत होती, मावशी, आता उलटी फिरली.