अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा खर्च मांडायला बसण्यापूर्वी

पुनर्प्रक्रिया म्हणजे वापरून झालेल्या अणुइंधनातून पुन्हा इंधन म्हणून कामी येणारे प्लुटोनियम आणि युरेनियम रासायनिक रीतीने वेगळे काढणे. तिच्या खर्चाचा पहिला तक्ता आखण्याआधी एकूण खर्चाला कशाने भागायचे हे ठरवून घ्यावे, कारण ‘दर टन इंधनामागे’ आणि ‘दर किलो प्लुटोनियममागे’ या दोन हिशेबांची उत्तरे भारतात फार वेगळी पडतात. हलक्या, म्हणजे साध्या, पाण्याच्या अणुभट्टीतून निघालेल्या इंधनात प्लुटोनियम सुमारे १ टक्का असते; आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांच्या इंधनात ते टनामागे चार किलोच्या आतच भरते, म्हणजे तेवढ्याच प्लुटोनियमसाठी अडीचपट इंधन कापावे आणि नायट्रिक आम्लात विरघळवावे लागते. त्यामुळे फ्रान्समधील ला हाग येथील पुनर्प्रक्रिया कारखान्याचा दर उचलून आपल्या तारापूरच्या वा कल्पाक्कमच्या कारखान्यांच्या तक्त्यात बसवू नये. परत मिळालेले युरेनियम जमेला धरतानाही हात आखडता ठेवावा, कारण त्यातील युरेनियम-२३५, म्हणजे भट्टीत सहज ऊर्जा देणारा भाग, नैसर्गिक ०.७ टक्क्याच्या बरेच खाली गेलेले असते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो कारखाना वर्षाला प्रत्यक्षात किती टन इंधन हाताळेल या गृहीतकाला. पगार, वायुवीजन, सुरक्षा आणि कर्जाचे व्याज हे खर्च इंधन आले नाही तरी थांबत नाहीत, म्हणून १०० टन क्षमतेच्या कारखान्यात ५० टनच काम झाले की दर टनाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. ब्रिटनमधील थॉर्प कारखान्यात २००५ मध्ये एका फुटक्या नळीतून सुमारे ८३ घनमीटर द्रावण गळालेले आढळले आणि काम दीर्घकाळ बंद राहिले. अशा खंडासाठी तक्त्यात जागा आधीच राखावी. बांधकाम लांबले तर व्याजाचे काय होते, हे जपानमधील रोक्काशो येथील पुनर्प्रक्रिया कारखान्यावरून तपासावे: १९९३ मध्ये काम सुरू झाले तेव्हा ते १९९७ मध्ये आणि ७६० अब्ज येनमध्ये पुरे व्हायचे होते, बांधकामखर्च पुढे ३ लाख कोटी येनपलीकडे गेला आणि ठरलेल्या वर्षानंतर पाव शतक उलटले तरी व्यावसायिक काम सुरू झाले नव्हते. (मूळ अंदाज मांडणारेही अननुभवी नव्हते.)

प्लुटोनियम कोणती भट्टी आणि कधी वापरणार, तेही तारखेसह लिहून ठेवावे. प्लुटोनियम-२४१ या प्रकाराचे अर्धायुष्य सुमारे १४ वर्षे असून त्याचे अमेरिशियम हे किरणोत्सारी, इंधन म्हणून कमी उपयोगाचे मूलद्रव्य बनते. शीघ्र प्रजनक भट्टी (प्लुटोनियमवर चालून नवे इंधनही घडवणारी भट्टी) रखडली तर साठ्याची प्रत उतरते आणि त्यापासून इंधन घडवणे महागते.

कारखाना मोडण्याचा खर्च परिशिष्टात ढकलू नये. अमेरिकेतील वेस्ट व्हॅली येथील पुनर्प्रक्रिया कारखान्यात १९६६ ते १९७२ एवढेच काम झाले, मात्र साफसफाई अर्धशतकानंतरही चालू आहे.

शेवटी, पुनर्प्रक्रिया न करता इंधन कोरड्या पिंपांत ठेवून पुढे खोल भूगर्भात पुरण्याचा पर्याय शेजारच्या रकान्यात मांडावा. तेथे भूगर्भातील भांडाराचा खर्च धरला, तर पुनर्प्रक्रियेच्या रकान्यातही तो धरावा, कारण उच्च किरणोत्सारी कचरा काचेत गोठवला तरी त्या काचेलाही अखेर तसेच भांडार लागते.