छोटं घर स्वतःचं, जागा भाड्याची: सही करण्याआधी हे विचारा

कॅलिफोर्नियात चाकांवरचं छोटं घर घेऊन एखाद्या पार्कात (म्हणजे अशी घरं उभी करायला जागा देणाऱ्या वसाहतीत) जागा भाड्याने घेणार असाल, तर भाड्याच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारा: कागदोपत्री हे घर मोबाइल होम (कारखान्यात बांधून जागेवर आणून बसवलेलं घर) आहे की आरव्ही (रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे प्रवासात राहण्याजोगं वाहन)? सगळं यावर ठरतं. मोबाइल होम पार्कातल्या रहिवाशाला तिथला कायदा भक्कम आधार देतो. भाडेवाढीची लेखी सूचना 90 दिवस आधी हवी, आणि कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय करार संपवता येत नाही. चाकांवरची बहुतेक छोटी घरं मात्र आरव्हीत मोडतात. आरव्ही पार्कात सलग नऊ महिने राहिल्यावरच ‘रहिवासी’ हा दर्जा मिळतो. त्याआधीचे हक्क बरेच तोकडे.

म्हणून पहिल्या दिवसापासून भाड्याच्या पावत्या तारखेसकट जपा. रोख देत असाल तरी पावती मागाच, संकोच करू नका. पार्काची नियमावलीही लेखी घ्या: पाहुणे, कुत्रा-मांजर, शेड, वीज-पाण्याचं बिल. आणि घर विकताना ते त्याच जागेवर ठेवता येईल का, हेही त्यात शोधा. हा मुद्दा लोक हमखास विसरतात, आणि घर हलवायचा खर्च मोठा असतो.