केएल-६ चा आकडा आणि फुप्फुसांची फाईल

दादर-परळच्या जिन्यांवर सकाळी घरोघरी रक्त घ्यायला फिरतो तो मी. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं मला विचारू नका. पण संधिवात, स्क्लेरोडर्मा (कातडी ताठ होण्याचा आजार) किंवा मायोसायटिस (स्नायूंची सूज) आहे आणि त्यातच फुप्फुसं कडक व्हायला लागलीत, अशी बरीच घरं नेमाने माझ्याकडे असतात. रिपोर्ट मोबाईलवर आला की डॉक्टरांआधी मला फोन. "केएल-६ सातशे आलाय हो, आता काय?" केएल-६ म्हणजे फुप्फुसांना इजा झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिन. म्हणून फाईल कशी ठेवायची आणि कशी वाचायची, ते लिहितो.

फाईलचे आधी दोन भाग करा. पहिल्यात अँटिबॉडीचे, म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांचे रिपोर्ट; पुढची इंग्रजी नावं या अँटिबॉडींचीच. स्क्लेरोडर्मात एससीएल-७० पॉझिटिव्ह असेल तर फुप्फुसांना धोका जास्त, सेंट्रोमिअर असेल तर त्या मानाने कमी. संधिवातात अँटी-सीसीपी खूप वर असणाऱ्यांवर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. या तपासण्या रोख कुठे आहे ते सांगतात, वेग नाही. त्या एकदा नीट झाल्या की दर तीन महिन्यांनी पुन्हा करण्यात सहसा पैसेच जातात. मायोसायटिसमध्ये एमडीए-५ पॉझिटिव्ह आली तर मात्र गोष्ट निराळी. त्यात काही आठवड्यांतच फुप्फुसं झपाट्याने बिघडू शकतात, फेरिटिन हे सुजेसोबत वाढणारं रक्तातलं प्रथिन चढत जातं. तिथे दम वाढला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, आणि मलाही फोन करत बसायचं नाही. थेट हॉस्पिटल.

दुसऱ्या भागात हलणारे आकडे. त्यातला मुख्य केएल-६. हवेच्या पिशव्यांच्या अस्तरातल्या पेशींना इजा झाली आणि त्या पुन्हा वाढायला लागल्या की हे प्रथिन रक्तात जास्त उतरतं. जपानमध्ये १९९९ पासून ही तपासणी नेहमीच्या वापरात आहे आणि ५०० युनिटची रेषा तिथलीच. पण ती रेषा आजार आहे की नाही याचा अंदाज घ्यायला आहे, तो पुढे सरकतोय का हे सांगायला नाही. ज्याचा आकडा वर्षभर नऊशेच्या आसपास आहे त्याच्यापेक्षा चारशेवरून सातशेवर गेलेल्याची मला जास्त काळजी वाटते. सुरुवातीलाच आकडा खूप वर असणाऱ्यांची फुप्फुसं पुढे लवकर घसरण्याची शक्यता जास्त असते, हेही खरं. एसपी-डी ही फुप्फुसांतल्या दुसऱ्या एका प्रथिनाची, त्याच जातीची तपासणी. सिगारेट ओढणाऱ्यांत तिचा अर्थ लावणं अवघड. सीआरपी आणि ईएसआर या सुजेच्या तपासण्या सांधे सुजले तरी चढतात, त्यावरून फुप्फुसांचा निकाल लावू नका.

शाळेची जुनी वही चालेल. तारीख, लॅब, आकडा, त्या आठवड्यात ताप-खोकला होता का, स्टेरॉइडचा डोस, आणि शेजारी फुंकायच्या टेस्टचे एफव्हीसी (जोरात फुंकून बाहेर येणारी एकूण हवा) व डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती जातो). हे शेवटचे दोन रकाने बहुतेक घरांत रिकामे असतात, आणि खरा कस तिथेच लागतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आजार वाढतोय हे ठरवायला तीन गोष्टी आहेत: त्रास वाढणं, वर्षभरात एफव्हीसी किमान ५ किंवा डीएलसीओ किमान १० टक्क्यांनी उतरणं, आणि सीटी स्कॅनमध्ये फरक दिसणं. तीनपैकी दोन हव्यात, आणि त्यांना दुसरं कारण नसावं. केएल-६ त्यात नाही. तो आधी कुजबुजतो, एवढंच.

लॅब बदलू नका. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधीच सांगा, काही तपासण्या त्याने चुकतात. स्क्लेरोडर्मात कातडी ताठ, बोटं गार, शीर सापडत नाही. आदल्या रात्रीपासून पाणी पीत राहा, हात कोमट पाण्यात धरा, बारीक बटरफ्लाय सुई मागून घ्या. गार बोटावर ऑक्सिमीटरही चुकीचं दाखवतो.

आता कबुतरं. डक्टमध्ये, खिडकीच्या जाळीत, एसीच्या डब्यावर ती असतातच. त्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारातही केएल-६ चढतो. आकडा विनाकारण वर गेला तर डॉक्टरांना घरटं कुठे आहे ते सांगा, आणि पेशंटला ते झाडायला लावू नका. घरातल्या पेशंट काकूंनीच गॅलरी धुवायची, ही पद्धत मोडा.

हेल्थ पॅकेजमध्ये सीए १५-३ ही कॅन्सरसाठी वापरली जाणारी तपासणी वाढलेली येऊन कॅन्सरच्या भीतीने रडणारी माणसंही मी पाहिलीत. केएल-६ आणि सीए १५-३ एकाच प्रथिनाचे भाग मोजतात, त्यामुळे फुप्फुसांच्या या आजारातही ती वाढू शकते. रिपोर्ट दडवू नका, पण दाखवताना फुप्फुसांची फाईलही सोबत न्या. काही कॅन्सरमध्ये केएल-६ ही वाढतो, म्हणून दोन्ही कागद एकाच डॉक्टरांच्या टेबलावर हवेत.